ओसरीतला तुळोबा: भार वाहणारे पुरुष खरोखर भार वाहतात का?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

बडोद्यातल्या आमच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती सध्या चालू आहे आणि तिच्या निमित्ताने घरात एक वाद उभा राहिला आहे. या मंचावर बांधकामातले आणि मूर्तिशास्त्रातले असे दोन्हीकडचे जाणकार असल्यामुळे तो येथे मांडतो.

वाडा दुमजली, चौकाचा आणि सागवानी आहे. ओसरीचे चार खांब दगडी उथाळ्यांवर उभे आहेत. मात्र ओसरीची मुख्य तुळई उत्तरेकडच्या भिंतीत जिथे शिरते, तिथे खांब नाही. तिथे भिंतीतून हातभर दगड पुढे काढलेला आहे आणि त्या दगडावर सव्वादोन फूट उंचीचा एक लाकडी पुरुष एक गुडघा टेकून बसलेला आहे. डोक्याला पगडीसारखे काहीतरी, झुपकेदार मिशा, सुटलेले पोट, आणि दोन्ही तळहात वर करून त्याने तुळई पेललेली. उजव्या हाताचा अंगठा माझ्या आठवणीपासून नाही. आजी त्याला ‘तुळोबा’ म्हणत असे. नरकचतुर्दशीला पहाटे आम्हा पोरांच्या अंगाला तेल लागण्याआधी तुळोबाच्या पोटाला तेलाचे बोट लागे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्यावर ऑइलपेंटचे तीन थर चढले, आधी हिरवा, मग निळा आणि शेवटी चॉकलेटी. पोटावर मात्र एकही थर टिकला नाही आणि ते आजही काळेभोर व गुळगुळीत आहे.

ठेकेदाराचे म्हणणे असे की, तुळईखाली लोखंडी गर्डर घालावा आणि ‘हा बाहुला’ काढून टाकावा; हवाच असेल तर त्याच मापाचा फायबरचा करून चिकटवून देता येईल. आई दोन दिवस त्यांच्याशी बोललेली नाही. धाकट्या भावाचे मत याच्या अगदी उलट आहे. त्याला वाटते की, तुळोबाला हलवले तर माडी खाली येईल, म्हणून त्याला हातही लावू नये.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशा मूर्तीला आपल्याकडे शास्त्रात काय म्हणतात, आणि ती खरोखर वजन घेते की नुसता आव आणते? माझे स्वतःचे एक निरीक्षणही जोडतो. युरोपातल्या इमारतींवरचे असे पुरुष चित्रांत पाहिले की त्यांच्या माना वाकलेल्या, दंड फुगलेले आणि चेहरे कष्टी दिसतात. आमचा तुळोबा मात्र मिशीत हसतो आहे. पाश्चात्त्यांना भार म्हणजे शिक्षा वाटत असावी आणि आपल्याला ती सेवा वाटत असावी, असे मला वाटते. जाणकारांनी हे तपासून पाहावे.

शिल्पवेडी

दादा, तुमच्या तुळोबाचे कूळ मोठे आहे. मराठीत मंदिरांवर लिहिणारे अभ्यासक अशा आकृतीला ‘भारवाहक यक्ष’ किंवा ‘कीचक’ म्हणतात. गुजरातेतही ‘कीचक’ हाच शब्द चालतो. विराटाच्या दरबारातल्या, भीमाने मारलेल्या कीचकाशी लोक त्याचा संबंध लावतात खरा, पण अमरकोशात ‘कीचक’ म्हणजे वाऱ्याने वाजणारा पोकळ वेळू. मांडव पेलणाऱ्या वेळूवरून मांडव पेलणाऱ्या मूर्तीला हे नाव मिळाले असेल, असा माझा आपला तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, मोढेऱ्याचे सूर्यमंदिर त्याच्याही काही दशके आधीचे. अशा मंदिरांच्या सभामंडपात खांबाजवळ उभे राहून मान वर केली की खांबाचा मुख्य दंड संपल्यावर आणि तुळई सुरू होण्याच्या आधी हे बुटके, पोटसुटे गडी दिसतात. सिन्नरच्या गोंदेश्वरालाही तेच. पुष्कळदा त्यांना चार हात असतात. दोन हात वरच्या दगडाला लावलेले आणि उरलेले दोन मांडीवर किंवा एखाद्या वाद्यावर. ज्याला भार पेलायला चारातले दोनच हात पुरतात आणि बाकीचे दोन वाजवायला मोकळे राहतात, तो कष्टात आहे असे कोण म्हणेल? या बाबतीत तुमचे निरीक्षण अगदीच चुकीचे नाही.

पाश्चात्त्य बाजूचे शब्दही सांगून ठेवते, कारण पुढे ते येतील. ग्रीक अशा पुरुषांना अ‍ॅटलसवरून नाव देत आणि रोमन लोक त्यांना ‘तेलॅमॉन’ म्हणत, असे व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने नोंदवले आहे. अ‍ॅटलस हा देवांविरुद्ध लढून हरलेला टायटन, आणि झ्यूसने त्याला शिक्षा दिली ती आकाश पेलण्याची. खांद्यावर पृथ्वीचा गोल घेतलेला अ‍ॅटलस आपण सगळीकडे पाहतो, पण मूळ कथेत त्याच्यावर आभाळ आहे. आपल्या मानेतल्या ज्या पहिल्या मणक्यावर कवटी टेकते, त्यालाही शरीरशास्त्रात ‘अ‍ॅटलस’च म्हणतात. याच व्हिट्रुव्हियसने स्पार्टातल्या एका मंडपाची हकिकत दिली आहे. प्लॅटियाच्या लढाईत पर्शियनांचा पराभव झाल्यावर स्पार्टाने लुटीच्या पैशातून तो मंडप बांधला आणि त्याचे छत पर्शियन कैद्यांच्या पुतळ्यांच्या डोक्यावर ठेवले. तेव्हा शिक्षेची कल्पना तिकडे आहेच.

निवृत्त ओव्हरसियर

मी इंदूरचा. सरकारी बांधकामात ओव्हरसियर म्हणून नोकरी झाली आणि जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्त्या बऱ्याच केल्या. मूर्तिशास्त्रातले मला कळत नाही, पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या मिळवता येईल.

मूर्ती भार घेते की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर वाचू नये. ते तिच्या आणि तुळईच्या सांध्यात वाचावे. एक जुने पोस्टकार्ड घ्या. मूर्तीचे दोन्ही तळहात आणि डोके जिथे तुळईला टेकतात, तिथे ते चारही बाजूंनी सरकवून पाहा. आधी रंग मात्र चाकूच्या टोकाने खरवडा, कारण ऑइलपेंट फट बुजवतो आणि फसवतो. पोस्टकार्ड आरपार गेले तर त्या ठिकाणी भार नाही. गेले नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नये. पूर्वीचे सुतार अशा ठिकाणी पाचर मारून मूर्ती घट्ट बसवत असत, तेव्हा पाचरेने आवळलेली मूर्ती आणि माडीच्या वजनाखाली आलेली मूर्ती वरून सारखीच दिसते.

दुसरी खूण अधिक भरवशाची आहे. सागाचे लाकूड रेषांच्या दिशेने दाबले तर पुष्कळ सोसते. तेच रेषांना आडवे दाबले तर फार लवकर चेपते. तुमची मूर्ती उभ्या लाकडाची असणार आणि तुळई आडवी आहे. म्हणजे वर्षानुवर्षे खरे वजन आले असेल तर मूर्तीचे डोके शाबूत राहील आणि तुळईच्या पोटात डोक्याच्या आकाराचा खळगा पडेल. तो खळगा बोटाने चाचपून पाहा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुळईचे टोक भिंतीत किती शिरले आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे? भिंतीत गाडलेल्या टोकाला हवा लागत नाही, पावसाळ्यात भिंतीची ओल ते पीत राहते आणि बाहेरून तुळई ठणठणीत दिसत असताना आतून तिचा भुसा होतो. भिंतीलगत हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा.

आणि धाकट्या भावांना सांगावे की, त्यांची भीती रास्त आहे. दोन्ही बाजूंना टेकू देऊन, जॅकने तुळई दोन-तीन मिलिमीटर उचलून धरल्याशिवाय मूर्तीला हात लावायचा नाही. ठेकेदाराने टेकूचा उल्लेखही केला नसेल, तर दुसरा ठेकेदार पाहावा.

प्रवासी पक्षी

शिक्षा आणि सेवा या विभागणीला माझा थोडा विरोध आहे, तो नोंदवतो.

या प्रकारातले जगातले सर्वांत दांडगे पुरुष सिसिलीतल्या अ‍ॅग्रिजेंतो येथे आहेत. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या नगरराज्याचा पराभव झाल्यानंतर तिथे ऑलिंपियन झ्यूसचे एक अजस्र मंदिर बांधायला घेतले गेले. ते पुरे झाले नाही. इसवी सनापूर्वी ४०६ मध्ये कार्थेजने शहर घेतले तेव्हा काम थांबलेलेच होते. या मंदिराला मोकळे खांब नव्हते. खांबांच्या मध्ये भिंत भरून घेतली होती, आणि त्या भिंतीवर बऱ्याच उंचीवर, दोन-दोन खांबांच्या मध्ये, साडेसात मीटरहून उंच असे पुरुष तुळईखाली उभे होते. मंदिर भूकंपांनी ढासळत गेले, शेवटचा उभा भाग १४०१ मध्ये पडला, आणि अठराव्या शतकात त्याचे दगड जवळच्या बंदराच्या धक्क्यासाठी नेले. त्यातला एक पुरुष आता संग्रहालयात पुन्हा रचून उभा केला आहे.

त्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर मला जे जाणवले ते सांगतो. तो एकसंध दगडाचा नाही. आपल्याकडे चिरेबंदी भिंत रचावी तसे थरावर थर ठेवून त्याला रचला आहे. गुडघ्याचा एक थर, मांडीचा एक, छातीचा एक. चुनखडीसारखा शिंपल्यांनी भरलेला स्थानिक दगड, झिजून स्पंजासारखा झालेला. पाय जवळ जुळलेले आणि हात कोपरात दुमडून डोक्यामागे घेतलेले. डोके आणि दोन्ही हात मिळून एक रुंद पाट तयार होतो आणि त्यावर तुळई येते. म्हणजे ओव्हरसियरकाकांनी सांगितलेले इथे दगडात दिसते. मूर्तीचा आकार मुळात भार सरळ खाली उतरावा म्हणून ठरवलेला आहे. चेहरा इतका झिजला आहे की त्यावर दुःख वाचायचे की सुख, हे पाहणाऱ्याने ठरवावे. हे कार्थेजचे कैदी दाखवले असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

आता दुसरे टोक. मेक्सिकोत तुला नावाच्या ठिकाणी टोल्टेक लोकांनी घडवलेले चार योद्धे पिरॅमिडच्या माथ्यावर उभे आहेत. प्रत्येक साधारण साडेचार मीटर उंच, बेसाल्टचा, आणि चार तुकड्यांचा. खालच्या तुकड्याच्या खाचेत वरच्या तुकड्याची कूस, म्हणजे खुंट्यासारखा पुढे काढलेला भाग, बसवलेली. त्यांच्या डोक्यांवर मंदिराचे छप्पर होते. लोक त्यांना ‘तुलाचे अ‍ॅटलांट’ म्हणतात खरे, पण तिथे ना शिक्षा आहे ना सेवा. छातीवर फुलपाखराच्या आकाराचे पदक, हातात भाला फेकण्याचे साधन, नजर सरळ. हात वर नाहीतच. ते पहाऱ्यावर उभे आहेत आणि छप्पर जणू योगायोगाने त्यांच्या डोक्यावर आले आहे. भार वाहणाऱ्याला भाराची जाणीवच नसावी, हाही एक प्रकार झाला.

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या न्यू हर्मिटाज या संग्रहालयाच्या दारातले दहा ग्रॅनाइटचे पुरुष मात्र तुमच्या वर्णनात चपखल बसतात. पाच मीटर उंच, तेरेबेन्येव या शिल्पकाराच्या देखरेखीखाली १८४० च्या दशकात घडवलेले, माना झुकलेल्या, हात डोक्यावर. नवविवाहित जोडपी त्यांच्या पायाचा अंगठा चोळून जातात आणि तो चकचकीत झाला आहे. तुळोबाच्या पोटाची आठवण झाली.

रोखठोक

सगळे वाचले. मला एवढेच म्हणायचे आहे की, ‘आपल्याकडचे हसतात’ हे सरसकट विधान करण्याआधी निदान सांचीला जाऊन यावे. तिथे एकाच तोरणावर हसणारेही आहेत आणि वैतागलेलेही. शिवाय आपल्याकडे भार वाहण्याची सगळ्यांत गाजलेली प्रतिमा वेरूळच्या कैलास लेण्यात आहे. खाली चिरडलेला, वीस हातांनी पर्वत हलवू पाहणारा रावण आणि वर निवांत बसलेला शंकर. ती शिक्षाच आहे.

लष्करकर

मी ग्वाल्हेरचा, आणि विदिशा-सांचीला वर्षातून एकदा तरी जाणे होते, म्हणून रोखठोक यांच्या विधानाला पुस्ती जोडतो.

सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार तोरणे आहेत आणि त्यांच्या उभ्या खांबांच्या माथ्यावर आडव्या पट्ट्यांचा भार घेणारे वेगवेगळे आहेत. दक्षिणेला सिंह, उत्तरेला आणि पूर्वेला हत्ती, आणि पश्चिमेला हे बुटके यक्ष. पश्चिमेचे तोरण दुपारनंतर पाहावे, कारण तेव्हा ऊन समोरून येते. पोटे ढेरपोट्या सावकारासारखी, बोटे जाडजूड, केस मागे बांधलेले. खरोखरच प्रत्येकाचे तोंड निराळे आहे. एकाचे ओठ आवळलेले आहेत, एकाचे डोळे बटबटीत झाले आहेत, एक गालातल्या गालात हसतो आहे. हमालांच्या टोळीत पाच जण एकच कपाट उचलतात तेव्हा जसे पाच चेहरे दिसतात, तसे. म्हणून रावण ही शिक्षा आहे हे मान्य करूनही, सांचीच्या शिल्पकाराने शिक्षा किंवा सेवा यांपैकी काही ठरवलेले नव्हते आणि त्याने फक्त माणसे पाहिली होती, असे मला वाटते.

महाराष्ट्रातले दोन दाखले याच्या जोडीला ठेवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात, म्हणजे जिथे गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे तिथे, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना तीन-तीन असे सहा यक्ष ओसरी खांद्यावर घेऊन जमिनीतून वर येताना दिसतात. अख्खे लेणे त्यांनीच उचलून आणले आहे, असा भास होतो. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला यक्ष डोक्यावर पसरट भांडे घेऊन मनमोकळे हसतो, आणि त्याच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवल्याचा लेख कोरलेला आहे. दागिने घडवणाऱ्या हाताने दगडात एवढा गुबगुबीत गडी घडवावा, याचे मला दर वेळी नवल वाटते.

मात्र नाशिकच्या सहाही यक्षांवर काडीचे वजन नाही. लेणे डोंगरातून कोरलेले आहे. तिथे खांबसुद्धा नावाचेच. घारापुरीला खांबांचे खालचे भाग तुटून पडले तरी वरचे भाग छताला लटकत राहिले होते, हे जुन्या छायाचित्रांत दिसते. मग ज्या डोंगराला आधाराची गरज नाही, त्याच्याखाली आधार देणारे कोरण्याचा खटाटोप का केला असेल? लाकडी इमारतीत तिथे खरोखर कोणीतरी असायचे, त्याची ही आठवण असावी. तुमचा तुळोबा त्या मूळ लाकडी घराण्यातला.

दांडियाबाजार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ‘शिक्षा आणि सेवा’ हे माझे वाक्य मी मागे घेतो.

काल मिस्त्रींना सोबत घेऊन ओव्हरसियरकाकांनी सांगितलेली तपासणी केली. रंग खरवडल्यावर पोस्टकार्ड डाव्या तळहातावरून आरपार गेले. उजव्या तळहातावर ते अर्धे जाऊन अडले, कारण तिथे लाकडाची एक बारीक पाचर मारलेली निघाली. डोक्यावर ते कोणत्याही बाजूने शिरेना. मग मी शिडीवर चढून तुळईचे पोट बोटाने चाचपले. पगडीच्या कडेने तुळईत एक चंद्रकोरीसारखी खोलगट रेघ आहे, साधारण तिळाच्या जाडीची. मोबाइलचा उजेड आडवा धरला तेव्हा ती स्पष्ट दिसली. पगडीला मात्र चिरही गेलेली नाही.

भिंतीलगत तुळईवर ठोकले तर आवाज बद्द आला. स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्यासोबत ओला भुसा आला. मिस्त्रींनी भिंतीचा गिलावा हातभर काढला. तुळईचे भिंतीतले टोक जवळजवळ सव्वा फूट सडलेले आहे आणि खालच्या दगडावर ते टेकलेलेच नाही. मध्ये माझी दोन बोटे सहज जातात. भिंतीवरून उतरणारा पावसाचा पाइप त्याच जागी गळत होता.

काका, याचा अर्थ काय समजावा? माडी कशावर उभी आहे?

निवृत्त ओव्हरसियर

तुमच्या तुळोबावर.

घाबरू नका, पण आजच्या आज टेकू लावा. ज्या सुताराने तो बसवला, त्याने तो भार घेण्यासाठी बसवलेला नव्हता, याची खूण त्या डाव्या तळहाताच्या फटीत आणि उजव्या हाताच्या पाचरेत आहे. तुळईचे टोक तेव्हा भिंतीत भक्कम टेकलेले होते, मूर्ती तिच्याखाली शोभेसाठी सरकवली आणि डगमगू नये म्हणून हाताशी एक पाचर मारली. पुढे पाइप गळू लागला, टोक कुजले, तुळई टोकाकडे खचत गेली आणि वाटेत तिला तुळोबाचे डोके लागले. तिथे ती थांबली. तो खळगा त्या थांबण्याचा आहे. बाहेरून कोणाला काही कळले नाही, कारण दिसण्यात काहीच बदलले नव्हते.

लाकूड उभे होते म्हणून त्याने हे सोसले. खालचा दगड भिंतीत खोल गेलेला असणार, नाहीतर तो कधीच कलंडला असता. माझ्या नोकरीत असा दुसरा दाखला पाहिलेला नाही.

शिल्पवेडी

काका, दुसरा दाखला आहे, फक्त तो व्हिएन्नात आहे आणि तिथे गोष्ट उलटी घडली. बेल्व्हेडेअर राजवाड्यातल्या वरच्या महालाच्या प्रवेशदालनाला आधी मध्ये आधारच नव्हते. छत कोसळण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा १७३२-३३ च्या हिवाळ्यात तिथे चार भक्कम आधार घालून कमानदार छत केले आणि त्या आधारांना अ‍ॅटलसचे रूप दिले. आज प्रवासी त्या दालनात शिरतात तेव्हा मुळापासूनची सजावट समजून त्यांची छायाचित्रे काढतात. प्रत्यक्षात ती दुरुस्ती आहे. तिथे दुरुस्तीने मूर्तीचे रूप घेतले, आणि तुमच्याकडे मूर्तीने दुरुस्तीचे काम अंगावर घेतले.

बडोद्यात भाराची भीती तशी नवी नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा करणारे मेजर मँट १८८१ मध्ये वारले, आणि आपले गणित चुकले आहे, राजवाडा पडणार, या धास्तीने त्यांचे मन खचले होते, अशी आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने काम पूर्ण केले, १८९० मध्ये राजवाडा तयार झाला आणि अजून उभा आहे.

एक विनंती. मूर्ती खाली उतरवली की रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका. तो लाकडाच्या रेषांत शिरतो, ते काळवंडते आणि कोरीवकामाच्या कडा मऊ पडतात. गरम हवेच्या यंत्राने रंग फुगवून लाकडी पट्टीने हळूहळू काढावा. आणि पोटाला काहीही करू नये. ते तेल तसेच राहू द्यावे.

रोखठोक

ठेकेदार बदलला का?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

बदलला. नव्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी चार टेकू आणि दोन जॅक आणले, हे पाहून आईने त्यांना चहा दिला.

काम झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जॅकने तुळई तीन मिलिमीटर उचलल्यावर उजव्या हाताची पाचर आपोआप खाली पडली आणि तुळोबा सुटा झाला. दोघांनी मिळून त्याला उतरवला. वजन माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाले. त्याची पाठ अगदी सपाट आहे, रंधाही न मारलेली, आणि तिच्यावर वाकसाचे फटके मोजता येतात. बुडाला एक चौकोनी कूस आहे आणि ती दगडातल्या खाचेत बसत असे. तुळईचे सडलेले टोक कापून तिथे जुन्याच सागाचा जोड दिला, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट घातले, आणि भिंतीत टोकाभोवती बोटभर हवा खेळेल एवढी जागा ठेवली. पाइप दुसरीकडून वळवला. गर्डरची गरज पडली नाही.

रंग काढायला सहा दिवस लागले. चॉकलेटीखाली निळा, निळ्याखाली हिरवा, आणि हिरव्याखाली आम्हाला कोणालाच माहीत नसलेली गोष्ट निघाली. मिशी कोरलेली नाही. ती काळ्या रंगाने काढलेली होती आणि नंतरच्या रंगाऱ्यांनी तिला दर वेळी जास्त झुपकेदार केले. मूळ मिशी बारीक आहे. तिच्याखालचे ओठ मात्र खरोखर हसरे कोरलेले आहेत, एवढे माझे म्हणणे टिकले.

परवा त्याला परत जागेवर बसवला. काकांच्या सांगण्यावरून मुद्दाम पाचर मारलेली नाही आणि डोक्यावर फट ठेवली आहे. पोस्टकार्ड आता तिन्ही ठिकाणांहून आरपार जाते. तुळईतला खळगा तसाच ठेवला आहे, आणि पगडी बरोबर त्याच्याखाली आली आहे.

लष्करकर

बाजूने घेतलेले एक छायाचित्र जरूर टाकावे, सपाट पाठीसकट. उजव्या अंगठ्याचे काय केलेत?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

छायाचित्र उद्या टाकतो. अंगठ्याबद्दल माझे मत तसाच ठेवावा असे होते, पण घरात माझे चालले नाही. तुळईच्या कापलेल्या टोकातून मिस्त्रींना मुठीएवढा एक निरोगी तुकडा मिळाला आहे, आणि आईने त्यांना सांगितले आहे की दिवाळीच्या आत त्याच लाकडाचा अंगठा करून द्या.